हातात की गाडीत

मांडवी, रत्नागिरी
८ ऑक्टोबर २०००

प्रिय हमझाभाई,

सलाम. फोनवर तुला अर्धवटच कळलं असणार. लाइन मध्येच तुटली, आणि मागून अम्मा सांगत होती की त्याला तिकडे परदेशात घाबरवू नको. म्हणून सगळं सावकाश लिहिते.

अम्मा बरी आहे. उजवं मनगट मोडलंय, प्लॅस्टर आहे. कपाळाला खरचटलं होतं ते भरत आलंय. अब्बांना काहीच लागलं नाही, आणि तेच त्यांना सहन होत नाहीये.

दोघं बाजारातून परत येत होते. आपल्याकडे उतरायचा रस्ता तुला माहीत आहे, उतार संपता संपता डावीकडे वळतो. अब्बांनी वेग कमीच ठेवला होता, अम्माच सांगते. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी पुरती वळली नाही. समोरून सायकलवाला आला म्हणून त्यांनी आणखी जोर लावला, तरी नाही. सायकलवाला वाचला, गाडी समोरच्या गडग्यावर, त्या चिऱ्यांच्या कुंपणावर गेली. चार चिरे बॉनेटवर पडले. अम्माने समोर हात टेकला होता, तोच मोडला. पुढचा दिवा फुटलाय, बंपर आत गेलाय, बाकी गाडी धड आहे. शेजारच्यांनी ढकलत घरी आणली.

त्या संध्याकाळी अब्बांनी चावी माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही ठेव. माझे हात गेले." एवढंच.

भाई, ज्या माणसाने उभा जन्म एसटी चालवली, घाटात भरलेली गाडी एका हाताने फिरवली, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला काय वाटलं असेल तूच बघ. तेव्हापासून ते पुढच्या पडवीत बसत नाहीत, कारण तिथून गाडी दिसते. मागे विहिरीकडे खुर्ची टाकून बसतात. संध्याकाळी जेटीवर जायचं तेही बंद केलंय. कोणी विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगतात. गुडघे त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

शाळा चालू आहे. नववीच्या मुलींच्या चाचण्या तपासायच्या राहिल्यात. तू काळजी करू नकोस, पण पत्र लवकर लिही, अब्बांना बरं वाटेल.

तुझी
इफ्फत

◆

दोहा
२० ऑक्टोबर २०००

प्रिय इफ्फत,

सलाम. अल्लाचे उपकार की मनगटावर निभावलं. पत्र वाचल्यापासून मला तो सायकलवाला दिसतोय. तो वाचला नसता तर?

मी विचार करून लिहितोय, रागावू नकोस. गाडी विकायची. माझ्या खोलीतल्या अद्नानचा मोठा भाऊ चिपळूणला असतो, त्याला अशीच छोटी गाडी हवी आहे. दिवा, बंपर तो करून घेईल. अद्नानने त्याला कळवलंसुद्धा. तो डिसेंबरअखेर येऊन गाडी घेऊन जाईल.

मी ती गाडी घेतली तेव्हा वाटलं होतं, अब्बा निवृत्त झालेत, अम्माला घेऊन नातेवाइकांकडे फिरतील. दोन वर्षं फिरलेही. पण आता त्यांनी स्वतःच कबूल केलंय. साठी ओलांडलेल्या माणसाने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं, यात त्यांचा मोठेपणा आहे. आपण तो मान ठेवू. पुन्हा पुन्हा त्यावर बोलून त्यांना टोचू नको. गाडी दारातून गेली की महिन्याभरात विसरतील.

चावी लपवून ठेव. आणि तू ती गाडी चालवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून लिहितोय.

अम्माला सलाम. तिला दूध घ्यायला लाव.

तुझा
हमझा

◆

मांडवी
६ नोव्हेंबर २०००

प्रिय हमझाभाई,

सलाम. तुझं पत्र यायच्या आधीच मी भानगडीत पडले होते, त्यामुळे ते तुझं ऐकलं नाही असं धरू नकोस.

अम्माला दर आठवड्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. रिक्षात खड्ड्याखड्ड्याला तिचा हात दुखतो, ती ओठ चावून बसते. दारात गाडी उभी आणि आपण रिक्षा शोधतोय, हे मला पटेना. म्हणून मारुती मंदिराजवळच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. शाळा सुटली की जाते. लर्निंग लायसन्स मिळालंय. अब्बांना सांगितलं, त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

आता खरं सांगायचं ते. क्लासची गाडी आपल्याच जातीची आहे. तीच कंपनी, तेच मॉडेल, उलट आपल्यापेक्षा जुनी आणि दिवसभर नवशिक्यांच्या हातात. पहिल्या दिवशी सरांनी मैदानात गोल फिरवायला सांगितलं. मी अब्बांना बघत आलेय तशी खांद्यातून जोर लावून स्टिअरिंग ओढलं, तर गाडी झर्रकन वळून कुंपणाकडे निघाली. सर म्हणाले, बाई, बैल नांगराला धरलेत काय? एवढा जोर कशाला?

मी घरी आले ती थेट आपल्या गाडीत बसले. अब्बा मागे होते. इंजिन चालू करून अंगणात पुढे-मागे घेतली. भाई, स्टिअरिंग हलवायला मला दोन्ही हात लावून सीटवरून उठावं लागलं. वळवून सोडलं की ते आपलं आपण सरळ होत नाही, आहे तिथेच अडकून राहतं. क्लासच्या गाडीचं हात सोडला की परत येतं.

रात्री अम्माला सहज विचारलं, अब्बांचे हात कधीपासून दुखतात. ती म्हणाली, उन्हाळ्यापासून रोज झोपताना खांद्याला तेल चोळून घेतात, तुम्हा मुलांना सांगू नको म्हणून बजावलंय. म्हणतात, वय झालं.

मला वाटतं अब्बांच्या हातांना काही झालेलं नाही. गाडीला झालंय. स्टिअरिंग रोज थोडं थोडं जड होत गेलं असणार, आणि त्यांनी प्रत्येक वेळी दोष स्वतःला दिला.

मला जानेवारीपर्यंत वेळ दे. अद्नानच्या भावाला थांबव. बिघाड कुठे आहे ते मी शोधणार आहे. अब्बांना अजून काही बोललेले नाही.

इफ्फत

◆

दोहा
१८ नोव्हेंबर २०००

इफ्फत,

सलाम. तुझं पत्र मी अद्नानलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या बहिणीला गाडी स्वतःला ठेवायची आहे. मला तसं वाटत नाही, पण त्याच्या मनात आलं ते इतरांच्याही येईल.

दोन गोष्टी शांतपणे वाच. एक, गाडी गडग्यावर आपटलीय. आपटल्यावर स्टिअरिंग जड होणारच, काहीतरी वाकलं असेल. त्यावरून ते आधी जड होतं हे ठरत नाही. तू शास्त्र शिकवतेस, हे तुला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समज, तू गाडी उघडलीस आणि सगळं ठीक निघालं. मग? आज अब्बांनी स्वतः सांगितलंय की माझे हात गेले. तू शोध घेऊन तेच सिद्ध करशील. मग ते एकदा स्वतःच्या आणि एकदा तुझ्या तोंडून ऐकतील. ज्या प्रश्नाचं उत्तर आपण त्यांना सांगू शकणार नाही तो विचारू नये.

एवढं लिहून मी पत्र बंद करणार होतो. पण सकाळी आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सामान पोचवायला गेलो, तिथल्या फोरमनला सहज विचारलं. तो म्हणाला, आधी पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला आणि तशीच स्टिअरिंग फिरवून बघा. हलकं झालं तर दोष टायरमध्ये, हवेत किंवा चाकांच्या कोनात. उचलल्यावरही जड राहिलं तर दोष वर, यंत्रातच. मग एकेक जोड सोडवत जायचं, ज्याच्यामुळे जड आहे तो आपोआप सापडतो.

तू थांबणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून कळवलं. अद्नानच्या भावाला जानेवारीचं सांगतो. त्यापुढे नाही.

रमजान येतोय. उपाशीपोटी गॅरेजं पालथी घालू नकोस.

हमझा

◆

मांडवी
१० डिसेंबर २०००

प्रिय भाई,

सलाम. रोजे ठेवूनच गॅरेजं पालथी घातली. अब्बांना सांगितलं की क्लासच्या सरांना बरोबर घेऊन दिवा आणि बंपर करायला नेतेय.

स्टँडजवळच्या पहिल्या गॅरेजवाल्याने टायरना लाथ मारून हवा कमी आहे म्हटलं. हवा भरली, पुढची टायरं मागे घातली. काही फरक नाही. मी तसं सांगितल्यावर तो हसून म्हणाला, बाई, छोट्या गाड्या अशाच असतात, बायकांच्या हाताला जड लागतं. मी विचारलं, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाताला? तो दुसऱ्या गाडीकडे गेला.

दुसऱ्याने चाकांचं अलाइनमेंट केलं. तुझ्यासारखंच म्हणाला की धडकेत रॉड वाकलाय. तो खरंच थोडा वाकला होता, नवा घातला. गाडी आता सरळ धावते, पण जडपणा होता तसाच. तेव्हा मला उलट हुरूप आला. धडकेत जे बिघडलं ते दुरुस्त झालं, तरी हे शिल्लक आहे, म्हणजे हे धडकेचं नव्हे.

तिसरे झाडगावचे विठू मिस्त्री. मोजकं बोलतात, पण ऐकून घेतात. तुझ्या फोरमनचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुढची दोन्ही चाकं उचलली आणि मला आत बसवलं. फिरवलं, तेवढंच जड. टायर, हवा सगळं बाद. मग त्यांनी स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणारे दोन्ही रॉड सोडवले. चाकं हाताने ढकलली तर पाळण्यासारखी डावी-उजवी झाली. म्हणजे चाकांकडचे सांधे ठीक. स्टिअरिंग अजून जडच.

विठू मिस्त्री म्हणाले, आता रॅक खोलावा लागेल, दिवसभराचं काम आहे. रॅक म्हणजे ती आडवी दांडी, जी स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवी सरकते. मी म्हटलं, थांबा, मला एक बघू दे. मघापासून फिरवताना जाणवत होतं की ते सारखं जड नाही. म्हणून खडूने स्टिअरिंगवर खुणा करत पूर्ण फेरा दिला. जड, मग हलकं, पुन्हा जड, पुन्हा हलकं. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी. दुसरा फेरा, तिसरा फेरा, खुणा एकावर एक पडल्या. रॅक सरळ सरकतो, त्यात दोष असता तर तो रॅकच्या एखाद्या जागी लागला असता, प्रत्येक फेऱ्याला तिथल्या तिथे नाही. जे लागतंय ते फिरणाऱ्या भागात आहे. मी विचारलं, स्टिअरिंग आणि रॅक यांच्यामध्ये काय आहे?

मिस्त्रींनी खुणांवरून बोट फिरवलं. मग पेडलजवळची चटई उचलून आत वाकले. तिथे एक छोटा जॉइंट असतो, आपल्या मनगटासारखा. दांडी तिरकी उतरते म्हणून तो मध्ये वाकतो. त्यावरचं रबर फाटलेलं होतं. दोन पावसाळ्यांत बुटांचं पाणी चटईखाली झिरपलेलं, वर आपल्या मांडवीची खारी हवा. त्यांनी जॉइंट काढला. रॅक पान्याने फिरवला, लोण्यासारखा फिरला. जॉइंट माझ्या हातात दिला आणि वाकवा म्हणाले. भाई, तो मला दोन्ही हातांनी वाकला नाही. आतून गंजाचा भुगा पडला. मी विचारलं, धडकेनंतर एवढा गंज चढेल? ते म्हणाले, हा दीड-दोन वर्षांचा आहे.

मी गॅरेजच्या बाहेर जाऊन जरा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

नवा जॉइंट कोल्हापूरहून मागवला, काल बसवला. आता स्टिअरिंग क्लासच्या गाडीपेक्षा हलकं आहे आणि सोडलं की परत येतं. अब्बांना ईदनंतर सांगेन. अम्मालाही अजून सांगितलेलं नाही, तिच्या पोटात राहणार नाही.

इफ्फत

◆

दोहा
२२ डिसेंबर २०००

इफ्फत,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तसाच उठून वर्कशॉपमध्ये गेलो, खडूच्या खुणांचं सांगायला. फोरमन म्हणाला, तुझ्या बहिणीला इथे पाठव.

मी चुकलो. अद्नानच्या भावाला नकार कळवलाय, अद्नान दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, बोलेल. आता थांबू नकोस, अब्बांना सांग. त्यांचा चेहरा बघायला मी तिथे हवा होतो.

सर्वांना ईद मुबारक.

हमझा

◆

मांडवी
२ जानेवारी २००१

प्रिय भाई,

सलाम. चेहरा बघायला तू नव्हतास ते बरं झालं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, अब्बा मागे विहिरीकडे बसले होते. मी जुना जॉइंट त्यांच्या हातात ठेवला. सगळं सांगितलं, क्लासपासून गंजापर्यंत. जॉइंट दोन्ही हातांनी वाकवून बघितला, मग डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने भुगा झाडला. मला वाटलं आता हसतील.

ते म्हणाले, "हे मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, अब्बा, रोज चालवणाऱ्याला नाही कळत.

ते म्हणाले, "कळतं. डेपोत नवी पोरं गाडी ओढते म्हणून तक्रार करायची, तर मी एक फेरी मारून सांगायचो कुठे काय आहे. आणि घरच्या गाडीत बाजूला बायको बसवून मी खांद्याला तेल लावत राहिलो. बिघाड गाडीत आहे की आपल्यात, एवढं ज्याला ओळखता आलं नाही, त्याने पुढे बसू नये. चावी तुझ्याकडेच ठेव."

जॉइंट कट्ट्यावर ठेवून ते नमाजाला उठले.

भाई, मी इतके दिवस समजत होते की पुरावा सापडला की काम झालं. हात चांगले आहेत हे मी सिद्ध केलं, आणि त्यांनी त्याच पुराव्यावरून स्वतःला दुसरा दोष लावला, पहिल्यापेक्षा मोठा. तू लिहिलं होतंस की ज्याचं उत्तर सांगता येणार नाही तो प्रश्न विचारू नये. हे उत्तर तर तुलाही सुचलं नव्हतं.

अम्माला आता सगळं कळलंय. तिचं प्लॅस्टर निघालंय, बोटं अजून पुरती मिटत नाहीत, पण मासळी साफ करायला बसते.

हर्णेच्या खालाकडून तिच्या हुदाच्या लग्नाचं आमंत्रण आलंय, एकवीस तारखेला. माझं पक्कं लायसन्स अजून झालेलं नाही, आणि एवढ्या लांब, घाटातून मी नेऊ शकणार नाही. भाड्याची गाडी सांगावी लागेल. मी अजून सांगितलेली नाही. मी हरलेले नाही, पण पुढे काय करायचं ते आज तरी सुचत नाही.

इफ्फत

◆

दोहा
१२ जानेवारी २००१

तीर्थरूप अब्बांस,

सलाम. एरवी मी इफ्फतच्या नावावर पत्र पाठवतो आणि तुम्हाला वाचून दाखवायला सांगतो. हे तुमच्या नावाने लिहितोय.

गाडी विकायचं मी इथे बसून ठरवलं, तुम्हाला एका शब्दाने न विचारता. इफ्फतने ऐकलं असतं तर आज गाडी चिपळूणला असती, आणि तो जॉइंट दुसऱ्या कोणाला तरी गडग्यावर घेऊन गेला असता.

ओळखता आलं नाही म्हणून पुढे बसणार नाही असं तुम्ही म्हणालात. इथल्या फोरमनला मी तेही विचारलं. तो म्हणाला, डेपोत तो माणूस रोज वेगळ्या गाडीवर बसायचा, म्हणून त्याला फरक कळायचा. एकच गाडी रोज चालवणाऱ्याचा हात गाडीबरोबर बदलत जातो. इफ्फतला कळलं कारण तिचा हात कोरा होता.

मी तुम्हाला पटवायला लिहीत नाही. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. गाडी घरीच राहील, कोणी चालवो न चालवो.

बकरी ईदला रजा मिळतेय. मुंबईहून कोकण रेल्वेने येईन. फेब्रुवारीच्या अखेरीस, दिवस नक्की झाला की कळवतो.

तुमचा
हमझा

◆

मांडवी
२५ जानेवारी २००१

प्रिय हमझाभाई,

सलाम. हुदाचं लग्न छान झालं. तुझ्या वतीने मी तिला साडी दिली. आता ऐक, आम्ही कसे गेलो ते.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी भाड्याच्या गाडीचं बोलणं काढलं. अम्मा म्हणाली, नको, मी बघते. मला वाटलं खालाच्या दिरांची गाडी येणार असेल. निघायच्या सकाळी मी पिशव्या बाहेर आणल्या तर अम्मा नवा बुरखा घालून आपल्या गाडीत बसलेली, पुढे, अब्बांच्या शेजारच्या जागेवर. दार लावून घेतलेलं. काच अर्धी खाली.

मी विचारलं, अम्मा, कोण नेणार? ती म्हणाली, "तुझ्या अब्बांना विचार, कधी निघायचं."

अब्बा मागून आले. ते पायरीवरच थांबले. मग म्हणाले, मैमुना, उतर, इफ्फत भाड्याची गाडी सांगतेय. अम्मा बसूनच राहिली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "हात माझा मोडला. भ्यायचं तर मी भ्यायचं. मी बसलेय. दुसऱ्याच्या गाडीतून मी बहिणीच्या दारात उतरणार नाय."

अब्बा म्हणाले, मला बिघाड कळला नाही, उद्या दुसरा होईल तोही कळणार नाही.

ती म्हणाली, "मग पोरीला विचारत जा. तिला कळतो."

भाई, मी पिशव्या धरून तशीच उभी. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग ते खाली उतरले, पण थेट आत बसले नाहीत. गाडीभोवती फिरले, चारही टायर दाबून बघितले. बॉनेट उघडून ऑइल, पाणी बघितलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून जमिनीवर गुडघे टेकले आणि आत वाकून हात त्या नव्या जॉइंटवर ठेवला. मला म्हणाले, फिरव. मी पिशव्या ठेवून मागे बसले आणि तिथून हात लांब करून स्टिअरिंग डावीकडे, उजवीकडे पुरतं फिरवलं. त्यांचा हात जॉइंटवरच होता. पुन्हा एकदा, म्हणाले. पुन्हा फिरवलं. मग उठले, गुडघे झाडले आणि माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली.

उतारावरच्या वळणाचा गडगा नीट बांधून झालाय. जुन्या काळ्या चिऱ्यांत नवे चार लालभडक दिसतात. चढताना अब्बांनी गाडी जवळजवळ थांबवली. मला वाटलं परत फिरवतात. त्यांनी आधी वळणाचा अंदाज घेतला, मग स्टिअरिंग फिरवलं. खांदा हललासुद्धा नाही, नुसती मनगटं. गाडी वळली. त्यांनी हात सैल सोडला आणि स्टिअरिंग आपलं आपण सरळ झालं. ते त्यांनी बघितलं.

हातखंबा मागे पडला. अम्माने वरची कडी डाव्या हाताने घट्ट धरलेली होती, मला मागून दिसत होती. संगमेश्वरला चहा घेतला. चिपळूणच्या पुढे परशुराम घाट लागला. तिथे एक ट्रक बंद पडून आडवा होता, एका बाजूने कशीबशी वाट होती. अब्बांनी खिडकीतून डोकं काढून बघितलं आणि गाडी त्या फटीतून अशी काढली की ट्रकवाल्याने हात वर केला. मला बोलायचं होतं, तेवढ्यात अम्माकडे लक्ष गेलं. तिचा हात कडीवरून कधी सुटला होता कोण जाणे. डोकं काचेला टेकवून ती झोपली होती. घाटात, वळणावर वळणं चाललेली, आणि ती गाढ झोपली होती.

अब्बांनीही बघितलं. त्यांनी माझ्याकडे आरशातून बघून बोट ओठावर ठेवलं. मग पुढची सगळी वळणं त्यांनी इतकी हळुवार घेतली की तिची मान एकदाही हलली नाही. त्यांचे डोळे पुसायला मात्र त्यांना घाट संपेपर्यंत थांबावं लागलं, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

हर्णेला पोचलो तेव्हा दुपारची भरती होती आणि होड्या बंदरात परतत होत्या. खाला दारात आली. अम्मा उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आम्ही आमच्या गाडीने आलो.

परत येताना चिपळूणच्या पुढे, सरळ रस्त्यावर, अब्बांनी गाडी बाजूला घेतली आणि मला पुढे बसवलं. माझ्या लर्निंग लायसन्सचा एल त्यांनी स्वतः कागदावर लिहून काचेला चिकटवला. मी काही मैल चालवली. त्यांनी एकदाच विचारलं, जड लागतं का?

मी म्हटलं, नाही.

इफ्फत

◆

मांडवी
४ फेब्रुवारी २००१

चिरंजीव हमझा यास अनेक दुआ.

तुझं पत्र हर्णेहून परत आल्यावर मिळालं. मला लांबलचक लिहिता येत नाही.

तुझ्या फोरमनचं म्हणणं मला पुरतं पटलं नाही. कळायला हवं होतं ते हवंच होतं. पण मैमुनाने सोडवणूक केली आहे. आता दर महिन्याला मी गाडी इफ्फतच्या हातात देणार आणि विचारणार. ती म्हणेल तेव्हा मी चालवायचं थांबवेन. ती खोटं सांगणार नाही, याची मला खात्री आहे, तिने मला खूश करायला एवढा खटाटोप केलेला नाही. काय खरं ते तिला हवं होतं.

तिला मी घाट शिकवतो आहे. क्लच जास्त दाबते. सुधारेल.

संध्याकाळी जेटीवर जातो. अम्मा बोटं मिटायचा व्यायाम करत नाही, तू आल्यावर तिला दम भर.

अद्नानच्या भावाला गाडी मिळाली नाही याचं वाईट वाटतं. त्याने दुसरी घेतली तर घेण्याआधी पुढची चाकं उचलून फिरवून बघ म्हणावं. नाहीतर इफ्फतला चिपळूणला पाठवतो.

तुझी गाडी सकाळची आहे ना? स्टेशन वर कुवारबावला आहे, तिथे उतरल्या उतरल्या रिक्षावाले घेरतात. कोणाच्या रिक्षात बसू नकोस. सामान किती आहे तेवढं कळव. मी न्यायला येतो.

तुझा
अब्बा